एक वाजतंय ना, मग दुसरं कशाला?

पाथे या फ्रेंच कंपनीची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एखादी तबकडी हाती लागली, तर ती चावीच्या एचएमव्ही ग्रामोफोनवर चढवायची घाई करू नका. दिसायला सगळं तेच असतं. काळी कुळकुळीत, जड, मधोमध भोक. पण पिन टेकवली की खरखर तेवढी येते आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी फार लांब गात असल्याचा भास होतो. आपण कान लावून बसतो, तोवर पोलादी पिन खाचेचा तळ खरवडत पुढे सरकत असते. एवढी वर्षं टिकलेलं गाणं त्या एका फेरीत पुसट होऊन जातं. यंत्र ठणठणीत असतं, तबकडीही ठणठणीत असते. दोघांचं जमत नाही, एवढंच.

कारण कळलं की गंमत वाटते. आपल्या ओळखीच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डमध्ये आवाज खाचेच्या दोन्ही भिंतींवर कोरलेला असतो. खाच नागमोडी जाते, पिन डावी-उजवीकडे थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. पाथेच्या तबकडीत खाच सरळ जाते. तिचा तळ मात्र खाली-वर होत राहतो आणि गाणं असतं ते त्या चढउतारांत. तिथे टोकदार पिन कामाची नाही. नीलमण्याची अगदी बारीक गोळी लागते आणि साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारी पडद्याची डबी, नव्वद अंशांत वळवून बसवावा लागतो. वेगही ७८ नाही, ९० च्या घरात. त्यावर कडी म्हणजे यातल्या कित्येक तबकड्या लेबलाजवळ सुरू होतात आणि कडेला येऊन संपतात. ही सगळी परदेशातली भानगड, असंही म्हणता येत नाही. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मेणाच्या नळकांड्यांवर खुद्द रवींद्रनाथांचा आवाज घेतला होता आणि पुढे त्यांची ध्वनिमुद्रणं पाथेच्या तबकड्यांवर निघाली. अशी एखादी तबकडी मिळाली आणि घरात फक्त एचएमव्हीचं यंत्र असेल, तर ती नुसती हातात धरून बघायची.

म्हणून जुनी यंत्रं जमवणाऱ्याच्या घरात दुसरं यंत्र येतं. मग तिसरं. मग कपाटावर एक, पलंगाखाली दोन आणि एक ‘तात्पुरतं’ देवघराशेजारी. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: एक वाजतंय ना, मग दुसरं कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे एकच गाणं नीट ऐकायला वेळ नाही त्याने आठ यंत्रं का घ्यावीत, याचं उत्तर बहुतेक हौशी लोकांना घरात नीट देता येत नाही. ते ‘तुला नाही कळायचं’ म्हणून मोकळे होतात. खरं उत्तर असं आहे की रेकॉर्ड प्लेअर नावाची एकच एक वस्तू कधी नव्हतीच. खाचेत अडकलेला आवाज बाहेर कसा काढायचा, या एका प्रश्नाची वेगवेगळ्या माणसांनी दिलेली ती उत्तरं आहेत. त्यातली बरीच उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि काही तर मुद्दाम जुळू दिली नाहीत.

एडिसनने १८७७ साली पहिलं यंत्र बनवून घेतलं तेव्हा तबकडी नव्हतीच. एक नळकांडं, त्यावर गुंडाळलेला कथिलाचा पातळ पत्रा, एक सुई आणि एक पडदा. समोर बोललं की पडदा हलायचा, सुई पत्र्यावर खाली-वर टोचत जायची. सुई परत सुरुवातीला आणून दांडा फिरवला की तोच आवाज परत यायचा. एडिसन स्वतः जवळजवळ बहिरा होता. फोनोग्राफच्या लाकडाला दात लावून तो ऐकायचा, हाडांतून आवाज पोचावा म्हणून. ध्वनिमुद्रणाचा शोध लावणाऱ्या माणसाने दातांनी गाणं ऐकावं, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनरने सपाट तबकडी आणली आणि सुई खाली-वर हलवण्याऐवजी आडवी हलवली. इथून दोन घराणी झाली. अमेरिकेत आडव्या खाचेचे मोक्याचे हक्क दोन-तीन बड्या कंपन्यांच्या मुठीत होते. १९२० च्या सुमारास कोर्टकज्ज्यांतून ती मूठ सुटेपर्यंत इतरांना उभ्या खाचेचाच रस्ता धरावा लागला. तेव्हा एकाची रेकॉर्ड दुसऱ्याच्या यंत्रावर न वाजणं हे निसर्गनियमांनी कमी आणि वकिलांनी जास्त घडवलं. आजच्या संग्राहकाच्या घरातली निम्मी गर्दी ही त्या वकिलांची देणगी आहे.

बरं, एका घराण्यापुरतं मन आवरलं तरी सुटका नाही. फक्त एडिसनच घ्या. त्याची दोन मिनिटांची मेणाची नळकांडी होती, इंचाला १०० खाचा. १९०८ मध्ये त्याने चार मिनिटांचं नळकांडं काढलं, इंचाला २०० खाचा. खाच अरुंद झाली म्हणून सुईचं टोक वेगळं, सुई निम्म्या गतीने पुढे सरकायला हवी म्हणून दातेरी चाकं वेगळी. मग १९१२ मध्ये त्याची डायमंड डिस्क आली. जवळजवळ सहा मिलिमीटर जाड, हातात घेतली की फरशीचा तुकडा वाटावा अशी तबकडी, मिनिटाला ८० फेरे, वर खरा हिरा. या यंत्रात खाचेने सुईला ओढत न्यायचंच नाही. आतला स्क्रू सगळा कर्णा साउंडबॉक्ससकट तबकडीवरून हळूहळू सरकवतो. खाचेने फक्त आवाज द्यायचा. एडिसनच्या कंपनीने याचे जाहीर प्रयोग केले. सभागृहात गायिका आणि यंत्र आळीपाळीने गाणार, मध्येच दिवे मालवणार, प्रेक्षकांनी ओळखायचं की आता कोण गातंय. प्रेक्षक फसत, असं जाहिराती सांगत. गायिकाही यंत्रासारखं गायला शिकत असणार, असा माझा संशय आहे. १९२९ मध्ये एडिसनने रेकॉर्डचा धंदाच बंद केला. त्या हिऱ्याच्या तबकड्या आता वाजतात त्या त्याच्याच यंत्रांवर, नाहीतर मग विजेच्या प्लेअरवर खटपट करून.

इथवर गोष्ट जुळण्या-न जुळण्याची झाली. पण हौशी माणसाला खरं वेड लागतं ते चावीच्या यंत्राचं झाकण उघडल्यावर.

या यंत्रांत आवाज मोठा करणारं काहीही नसतं. वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही. मग दिवाणखाना भरून टाकणारा तो आवाज येतो कुठून? तुमच्या हातातून. चावी फिरवताना तुम्ही पोलादी पट्टीच्या गुंडाळीत ताकद भरता. ती गुंडाळी सुटताना तबकडी फिरवते, फिरणारी खाच पिनेला ढकलते, पिन एका छोट्या तरफेतून अभ्रकाच्या गोल पडद्याला ढकलते आणि पडदा हवेला. बालगंधर्वांची तान जुन्या चावीच्या पेटीतून ऐकताना कानावर पडणारी सगळी ऊर्जा ऐकणाऱ्याच्याच मनगटातून आलेली असते. तीन मिनिटांनी पुन्हा चावी.

पिनेचा प्रवास बघा. दहा इंची तबकडीच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने पिनेखालून जाते. तीन मिनिटांच्या बाजूत पिन सव्वाशे मीटरच्या आसपास अंतर कापते, आणि तेही शंभर ग्रॅमहून जास्त वजन अंगावर घेऊन. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असायची. पहिल्या काही फेऱ्यांतच ती पूड पिनेचं टोक घासते आणि नवी चप्पल पायाला बसावी तशी पिन खाचेला बसते. पुढे ती झिजतच जाते आणि बाजू संपेपर्यंत तिची छिन्नी झालेली असते. म्हणून दर बाजूला नवी पिन, हा नियम. पिना शेकड्याने यायच्या, पत्र्याच्या चिमुकल्या डब्यांत. त्या रिकाम्या डब्या जमवणारे लोक वेगळे. त्यांच्या घरी आपण शिरायला नको.

आवाज कमी-जास्त करायचं बटण नव्हतं. जाड पिन लावली की आवाज मोठा, बारीक लावली की लहान. तबकडीवर माया असलेले लोक बांबूची तिकोनी पिन वापरत. तिचं टोक कात्रीने कापलं की ती पुन्हा नवी. आणि वेग? गुंडाळी सैल पडत जाते तसा तिचा जोर कमी होतो, मग गाणं हळूहळू बसत का नाही? आत तीन छोटी वजनं पोलादी पट्ट्यांवर फिरत असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि एक चकती चामड्याच्या तुकड्यावर घासली जाते. वेग कमी झाला की ती आत येतात, घर्षण कमी होतं. एवढ्याशा तुकड्यावर गाण्याचा सूर टिकून असतो. तो वाळून कडक झाला, तर भीमपलास गटांगळ्या खातो.

आता कर्णा. साउंडबॉक्समधला पडदा असतो रुपयाच्या जुन्या नाण्याहून मोठा. तो एकटा हलला तर आजूबाजूची हवा नुसती बाजूला सरकते, आवाज होतो तो मच्छरासारखा. कर्णा त्या पडद्याला हवेवर जोर धरायला जागा देतो. अरुंद तोंडाशी थोडीच हवा असते, ती जोराने दाबता येते. मग वाट हळूहळू रुंदावत जाते आणि तो दाब खोलीतल्या मोठ्या हवेत उतरतो. ‘हळूहळू’ म्हणजे नेमकं किती, हे सुरुवातीच्या पंचवीस-तीस वर्षांत कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. सुतार आणि पत्र्याचे कारागीर नजरेने, कानाने आकार ठरवत.

ते गणित सुटलं ते टेलिफोनमुळे, आणि या सगळ्या हकिकतीतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. अमेरिकेतल्या बेलच्या प्रयोगशाळेत मॅक्सफील्ड आणि हॅरिसन हे दोन अभियंते लांब पल्ल्याच्या तारांमधून आवाज कमीत कमी बिघडता कसा न्यायचा, यावर काम करत होते. विजेच्या मंडलांची समीकरणं त्यांच्या हातात होती. त्यांनी ती जशीच्या तशी ग्रामोफोनला लावली. पिनेच्या तरफेचं वजन, पडद्याची लवचीकता, कर्ण्यातली हवा, यांतल्या प्रत्येकाला विजेच्या मंडलातला एकेक घटक मानलं आणि सगळं एका तारेसारखं सोडवलं. त्यातून १९२५ मध्ये व्हिक्टर कंपनीचा ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला आला. त्याच्या मोठ्या कपाटात सुमारे सहा फुटांचा कर्णा घड्या घालून बसवला होता. ज्या यंत्रात विजेचा एक थेंब नव्हता, ते विजेच्या शास्त्राने घडवलं होतं. त्याच सुमाराला ध्वनिमुद्रणही मायक्रोफोनवर होऊ लागलं. इंग्लंडमध्ये एचएमव्हीने असाच दुमडलेला कर्णा आणला. लंडनच्या ईएमजी नावाच्या छोट्या कंपनीने तर कागदाच्या लगद्याचे अवाढव्य कर्णे हातांनी बनवून विकले; त्यातला एखादा दिवाणखान्यात ठेवला की पाहुण्यांना वाकून चालावं लागेल.

एकच तबकडी वेगवेगळ्या यंत्रांवर लावून ऐकायचा योग आला, तर सोडू नका. १९२५ च्या आधी गायक स्वतः एका कर्ण्यात तोंड घालून गात असत. ढोबळमानाने २०० हर्ट्झच्या खालचं आणि दोन-अडीच हजारांच्या वरचं फारसं काही मेणावर उतरतच नसे. अशी रेकॉर्ड त्या काळच्या अभ्रकाच्या पडद्यावर आणि बाहेरच्या कर्ण्यावर लावली की गळा एकदम समोर उभा राहतो. साथ मागे कुठेतरी टिकटिकत असते. तीच रेकॉर्ड विजेच्या प्लेअरवर लावा. गळा मागे जातो आणि खरखर पुढे येते, कारण हे नवं यंत्र जे मुद्रित झालंच नाही तेही प्रामाणिकपणे शोधत बसतं. उलट १९३० नंतरची, मायक्रोफोनवर घेतलेली रेकॉर्ड जुन्या कर्ण्यावर लावली तर ती किंचाळते, आणि ऑर्थोफोनिकवर पहिल्यांदाच तिच्या खर्जाला अंग येतं. यातलं खरं गाणं कोणतं? माझं मत विचाराल तर ज्या काळची रेकॉर्ड, त्या काळचं यंत्र. कर्ण्यात गायलेलं कर्ण्यातून ऐकावं. मुद्रण करणाऱ्याने समोर ते यंत्र धरूनच गायकाला चार पावलं पुढे किंवा मागे उभं केलेलं असतं. पण हे मत मानलं की तीन यंत्रं तरी घ्यावी लागतात, हेही कबूल करतो.

आपल्या संगीताच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, तो वेगाचा. ७८ हा आकडा नंतर स्थिरावला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून ३,६०० फेऱ्यांच्या मोटरला ४६ पट वेग कमी करणारी चाकं लावली की ७८.२६ येतात, ५० हर्ट्झच्या देशांत आकडा येतो ७७.९२. त्याआधी मात्र सत्तरीच्या आसपासपासून ऐंशीपर्यंत काहीही चालायचं. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं, त्या काळच्या तबकड्यांवर वेगाचा आकडा शोधून सापडायचा नाही. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर बरोबर अर्ध्या स्वराने सरकतो. म्हणजे काळी दोनमध्ये गाणारी बाई पांढरी तीनमध्ये गाऊ लागते, लय चढते आणि आपण म्हणतो, काय दाणेदार तान! ती तान कदाचित यंत्राने घेतलेली असते. चावीच्या चांगल्या यंत्राला वेगाचा एक काटा असतो, तो मागे-पुढे करत जाणकार बसतात. त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायिका आपलं नाव बोलून सांगत. जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात लेबल लावणाऱ्यांची गफलत होऊ नये म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. गाण्यातला वेग फसवू शकतो, बोलणं सहसा फसवत नाही. नाव माणसासारखं ऐकू आलं की काटा जागेवर आला, असं समजायचं.

छोट्या यंत्रांचं वेड हे वेगळंच प्रकरण. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये मिकीफोन नावाचं यंत्र निघालं. गोल चपटी डबी, सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाची. कोटाच्या खिशातून काढायची, भाग जोडायचे आणि तिच्या दुपटीहून मोठी तबकडी वर ठेवायची. वाजतं बरं-वाईट, पण वाजतं! त्या मानाने एचएमव्हीची १०२ क्रमांकाची पेटी म्हणजे कामसू प्राणी. १९३१ पासून पन्नासच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती बनत राहिली. आपल्याकडे माळ्यावर जी चावीची पेटी सापडते, ती पुष्कळदा हीच किंवा हिची बहीण.

विजेच्या यंत्रांवर मी भराभर जातो, कारण त्यांचे भक्त वेगळे आहेत आणि भांडखोर आहेत. १९४८ मध्ये एलपी आली. खाच तिप्पट बारीक झाली. ७८ च्या सुईचं टोक ७५ मायक्रॉनचं, तर एलपीचं २५ चं, स्टीरिओचं त्याहून लहान. स्टीरिओची सुई ७८ च्या खाचेत टाकली तर ती भिंतींना न टेकता तळातल्या धुळीत लोळते. म्हणून एकाच प्लेअरवर सुई धरणारे दोन-तीन आर्म बसवणारे लोक दिसतात. मग प्रश्न मोटरचा. तिची थरथर सुईपर्यंत पोचू द्यायची नाही. इंग्लंडच्या गॅरार्डने ३०१ मध्ये रबरी चाकाने जोर लावून तबकडी फिरवली. ही कंपनी पहिल्या महायुद्धात राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी तोफखान्याला अंतर मोजायची उपकरणं पुरवण्यासाठी काढली होती! अमेरिकेत एडगर विल्चरने १९६१ मध्ये रबरी पट्टा आणि स्प्रिंगवर तरंगती चौकट आणली. जपानच्या टेक्निक्सने मोटर थेट तबकडीखालीच ठेवली. १९७२ चं त्यांचं एसएल-१२०० घरी गाणी ऐकण्यासाठी बनवलं होतं, ते न्यूयॉर्कच्या डीजेंनी उचललं आणि तबकडी हाताने मागे-पुढे करत त्याचं वाद्य करून टाकलं. तीन उत्तरं, तीन पंथ. कुणाचा सूर स्थिर, कुणाचा ठेका भरदार, यावर हे लोक रात्र रात्र घालवतात आणि शेवटी तिन्ही घेतात.

जमवण्यामागे एक अगदी रुक्ष कारणही आहे: सुटे भाग. जुन्या यंत्रांचे बरेच भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असत. त्यात शिशाचा अंश राहिला असेल, तर धातू वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतो, तडकतो आणि एके दिवशी आर्मचा बुंधा बिस्किटासारखा हातात येतो. त्यावर इलाज नाही. दुसऱ्या, मेलेल्या यंत्रातून तोच भाग काढायचा. साउंडबॉक्समधली रबरी कडी दगडासारखी कडक होते, ती बदलता येते. गुंडाळीचं पोलाद तुटलं तर नवं मिळतं. पण काही भागांसाठी मात्र एक यंत्र वाजतं ठेवायला एक पडीक यंत्र लागतंच. मग त्या पडीक यंत्रालाच जीव लावावासा वाटू लागतो आणि त्याच्यासाठी तिसरं.

हाव नसते का? असते की. सगळी यंत्रं काही गाण्यासाठी घेतली जात नाहीत. काही केवळ शेजारच्या संग्राहकाकडे नाहीत म्हणून घेतली जातात. मुंबईच्या चोरबाजारात या हावेवर एक वेगळाच धंदा उभा आहे. अष्टकोनी पेटी, चमचमणारा पातळ पितळी कर्णा, वर एचएमव्हीच्या कुत्र्याची पट्टी. परदेशातले संग्राहक अशा बनावट यंत्रांना क्रॅपोफोन म्हणतात, आणि त्यांचं माहेर म्हणून भारताचं नाव घेतात. गंमत अशी की १९०६ साली व्हिक्टरने कर्णा कपाटात लपवला, तेव्हा तो दिसू नये म्हणून लोक जादा पैसे मोजत होते. आज तो दिसावा म्हणून मोजतात. पेटीच्या दिखाऊपणाचं मला फारसं दुःख नाही. दुःख याचं की तिच्यात बसवलेली मोटर आणि आर्म पुष्कळदा खऱ्याखुऱ्या चावीच्या पेटीतून उपटलेले असतात. वाजणारं यंत्र मारून शोभेचं बनवायचं, याला कारागिरी म्हणायला माझी तयारी नाही.

आता तर यंत्राशिवायही तबकडी वाजवता येते. बर्कलीच्या प्रयोगशाळेतले कार्ल हेबर आणि त्यांचे सहकारी खाचेची सूक्ष्म छायाचित्रं घेतात आणि संगणक त्या चित्रांवरून सुई कशी हलली असती ते मोजून आवाज काढतो. कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी बनलेली ही हातोटी. तडकलेली नळकांडी, सुई टेकवली तर फुटतील अशा तबकड्या यामुळे बोलत्या झाल्या. तरी संग्राहकांनी आपली यंत्रं विकायला काढलेली नाहीत. कारण चित्रावरून काढलेला आवाज खाचेत काय आहे ते सांगतो. १९१२ साली एखाद्या घरात लोकांनी काय ऐकलं, ते सांगत नाही.

तबकडी आणि यंत्र वेगळे करता येत नाहीत, हे नासाला मात्र नीट ठाऊक होतं. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी पाठवली, तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. तबकडीबरोबर पिकअप आणि सुईही पाठवली. वेष्टनावर चित्रांनी सांगितलं आहे की सुई कुठे ठेवायची, एक फेरी ३.६ सेकंदांत पुरी करायची, आणि वाजवायचं ते बाहेरून आत. शेवटची सूचना वाचून पाथेची आठवण येते. दुसरं यान निघाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई गेल्या.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर एवढं करा. चावी अडली तर जोर लावू नका. आतलं ग्रीस वाळलेलं असतं. गुंडाळीचा डबा स्वतः उघडू नका, ती पट्टी सुटली तर हात फाडते. एलपी तिच्यावर चुकूनही लावू नका, ते वजन एका फेरीत खाच नांगरून टाकेल. ७८ लावा, दर बाजूला नवी पिन घालून. वाजत नसेल तरी भंगारात देऊ नका. साउंडबॉक्सच्या पाठीवर आणि झाकणाच्या आत काय छापलंय ते टिपून ठेवा आणि कुणा संग्राहकाला विचारा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये निघाली, तिच्यासारख्या मंडळींच्या ओळखीने जाणकार भेटतात. तुमच्या पेटीतला एक आर्म दुसऱ्या कुणाचं बंद पडलेलं यंत्र चालू करू शकेल. आणि तो संग्राहक घरी बोलावून चहा देऊन, आधी हे ऐका, आता हे ऐका, असं करत बसला, तर घाईत उठू नका.